छत्तीस तारांचं चाक

माझ्या बायकोच्या सायकलचं मागचं चाक मोडलं तेव्हा मला मनातून बरं वाटलं होतं. सायकल खरं तर माझीच. करड्या रंगाची हायब्रीड, ना धड रेसची ना धड डोंगराची, पण दोन्हीकडं चालणारी. स्कूटरवरून पडून माझ्या गुडघ्याची वाटी फुटली, ऑपरेशन झालं, पण पाय काही पूर्ण दुमडेना. पॅडल मारायचं तर गुडघा दुमडावा लागतो. सायकल जिन्याखाली धूळ खात पडली. मग एक दिवस बायकोनं सीट खाली केली आणि कॉलनीत चकरा मारायला लागली. तोवर मला कौतुकच होतं.

कौतुक संपलं ते शेजारच्या गृहस्थांमुळं. निवृत्त इंजिनिअर, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकटेच राहतात. अंगानं काटक, पोट नावालाही नाही. त्यांच्याकडं अगदी आमच्यासारखीच सायकल, फक्त रंग निळा. दर रविवारी उजाडता उजाडता ते फाटकाशी घंटी वाजवायचे आणि हाक मारायचे, "वहिनी, चला!" दोघं कधी उचगावकडं जायची, कधी जोतिबाच्या पायथ्याला, आणि परत येताना दूध कट्ट्यावर. तिथं म्हशी उभ्याच असतात, समोर धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात देतात आणि गावातले सगळे सायकलवाले तिथं जमतात. एके काळी तो रविवार माझा होता. आता मी गॅलरीत चहाचा कप धरून त्या दोघांच्या पाठी कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघत राहायचो. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, असं स्वतःशी म्हणायचो आणि चहा गार व्हायचा.

परत आली की बायकोच्या तोंडी तेच. "ते म्हणाले, चढ लागायच्या आधीच गिअर हलका करायचा." अगं बाई, हेच मी तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं! पण पिकतं तिथं विकत नाही. मी म्हणालो, "हुशार आहेत हो फार." तिला त्यातली मिरची कळली नाही, किंवा कळून तिनं सोडून दिली.

तर त्या रविवारी उचगावजवळच्या खड्ड्यात चाक आदळलं. तारा तुटल्या, रिमला तडा गेला. गृहस्थांनी टेंपो थांबवून सायकल आणि बायको दोन्ही घरी पोचती केली. "आऊट काढून, म्हणजे वाकलेलं सरळ करून भागणार नाही, चाकच बदलावं लागेल," ते मला म्हणाले. मी गंभीर चेहऱ्यानं मान हलवली. आता निदान काही रविवार तरी घंटी वाजणार नव्हती.

जेवताना बायकोनं विचारलं, "अहो, तुमचं वजन किती हो आता?"

मला काय कळायचं ते कळलं. शेजारी काटक माणूस दिसत असला की घरातलं पोट डोळ्यांवर यायचंच. मी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि म्हणालो, "का, तराजूत घालायचंय का?" ती नुसती हसली. दुसऱ्या दिवशी ती फाटकाशी त्यांच्याशी बोलत उभी होती. मी लंगडत जवळ गेलो तर दोघंही गप्प. अंगाचा नुसता तिळपापड झाला. संध्याकाळी ती मला म्हणाली, "आम्ही ठरवलंय, छत्तीस तारांचं चाक घ्यायचं. मजबूत असतं."

आम्ही! इतक्या वर्षांच्या संसारात तिच्या 'आम्ही'त मी नाही, हे पहिल्यांदाच ऐकलं.

"चाक मी आणतो," मी म्हणालो. "सायकल माझी आहे."

"आणा की. पण छत्तीस तारांचंच आणा."

मोडकं चाक मांडीवर घेऊन मी रिक्षानं दुकानात गेलो. दुकानदारानं हबची रुंदी मोजली, डिस्क ब्रेकची थाळी बघितली आणि दोन चाकं समोर ठेवली. एक जाडजूड, काळं, छत्तीस तारांचं. दुसरं चकचकीत, पातळ रिमचं, तारा मोजक्याच, बोटानं ढकललं तर कितीतरी वेळ आवाज न करता फिरत राहणारं.

"पावणं, डोंगर चढायचा हाय का पोती वाहायची हायती?" त्यानं विचारलं. "पोती वाहायची असली तर हे काळं. चढायचं असलं तर हे पातळ न्या. पर एकदा गिअरच्या चकत्या चढवल्या की माघारी घेत न्हाय बगा."

मी पातळ चाक उचललं. हातात अगदी हलकं. त्या गृहस्थांनी बायकोला पोती वाहायचं चाक सुचवलं होतं, म्हणजे चढावर ती मागं राहणार आणि हे गृहस्थ पुढं जाऊन 'या वहिनी, दमा जरा' करणार. आता ती जोतिबाच्या चढाला त्यांच्या पुढं निघून जाईल आणि मागं वळून म्हणेल, आमच्या ह्यांनी निवडलंय. हे मी दुकानात उभ्या उभ्या डोळ्यांसमोर बघितलं आणि म्हणालो, "चढवा चकत्या."

घरी येऊन मी स्वतःच्या हातानं चाक बसवलं, ब्रेक लावला, सायकल पुसली. तेवढ्यात बायको रिक्षातून उतरली. तिच्या हातात लोखंडी कॅरिअर होता. उद्यमनगरातून खास वेल्डिंग करून आणलेला, जाड पट्टीचा, वर फोमची गादी. कोल्हापुरात जे बाजारात मिळत नाही ते माणूस उद्यमनगरातून करून घेतो, पण सायकलला असला पलंग मी कधी बघितला नव्हता.

तिनं चाकावरून हात फिरवला आणि मटकन पायरीवर बसली.

"हे काय आणलं हो?"

"हलकं आहे. तुला चढाला बरं."

"मला कुठं चढायचंय? तुम्हाला डबलसीट न्यायचं होतं, कट्ट्यावर. म्हणून तर वजन विचारलं. शेजारच्यांना म्हटलं, आमच्या ह्यांचं वजन पेलेल असं चाक सांगा."

मी म्हणालो, "स्कूटरवरून नेलं असतंस की."

"नेलंय की दोनदा. सायकलवाल्यांत मिसळायचं सोडून तुम्ही लांब म्हशींपाशी उभे राहता. मला बघवत नाही ते." तिचे डोळे भरून आले. "आणि आधी सांगितलं असतं तर बायकोच्या मागं बसायला तुम्ही हो म्हणाला असता?"

नसतोच म्हणालो. मला माझीच लाज वाटली, आणि मी तिच्या त्या कॅरिअरवरची गादी हातानं दाबून बघितली.

मार्ग काढला तो शेवटी गृहस्थांनीच, म्हणजे तेही माझ्या वाट्याला आलं नाही. त्यांच्या निळ्या सायकलला छत्तीस तारांचंच चाक होतं. त्यांनी ते काढून आम्हाला दिलं आणि माझं पातळ चाक हातात फिरवत म्हणाले, "झकास निवडलंय हो. हे मीच वापरतो." मी आभार मानले. मनापासून मानायला थोडा वेळ लागला.

रविवारी घंटी वाजली तेव्हा मी गॅलरीत नव्हतो. कॅरिअरवर एका बाजूला बसून आखडलेला पाय लांब सोडला होता, बायका बसतात तसा. बायको उभी राहून पॅडल मारत होती. कोपऱ्यावरचा पेपरवाला ओरडला, "वैनी, पोतं कुठं उतरवायचं हाय?" ती धापा टाकत म्हणाली, "कट्ट्यावर!" आणि मी तिच्या कमरेला घट्ट धरलं.

गृहस्थ पुढं होते. मी निवडलेल्या चाकावर आवाजसुद्धा न करता चालले होते. मला हेवा वाटला, खोटं कशाला सांगू. ते मधेच थांबायचे, आम्ही जवळ येईपर्यंत आमच्याकडं बघत राहायचे आणि पुन्हा एकटेच पुढं जायचे. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्याकडं नीट बघितलं. ती नजर मी ओळखली. दर रविवारी गॅलरीतून मी तशीच बघत होतो.