नगरसेवकाचा सल्ला

भिवंडी सोडायची की नाही, यावर आमच्या घरात वर्षभर वाद चालला होता. पावसाळ्यात गल्लीतलं गटार थेट स्वयंपाकघरात यायचं, म्हणून मला कल्याणला जायचं होतं. बायको म्हणायची, "निवडणूक होऊ दे. नवा माणूस आला तर काम होईल. माझं माहेर इथलं, मैत्रिणी इथल्या. कुठे जायचं?"

नवा माणूस आलाच नाही. जुनाच नगरसेवक नव्या पक्षाचा गमछा गळ्यात घालून दारात उभा राहिला. हा त्याचा तिसरा पक्ष, पण हसू तेच, तेलकट. बायकोने त्याला सरळ आत नेलं आणि भिंतीवर चढलेली ओल दाखवली.

त्याने नाकाला रुमाल लावला. "वहिनी, खरं सांगू? या एरियात आता काही राहिलं न्हाय. कशेळीला माझ्या मेव्हण्याची बिल्डिंग उभी राहतेय. बुकिंग करा, मी बोलतो त्याच्याशी. मी पण तिकडेच राहायला गेलो."

मत मागायला आलेला माणूस आम्हाला घर विकत होता!

"मग मतंही तिकडेच मागा," असं म्हणून बायकोने त्याला बाहेर काढलं.

तरी तो निवडून आला. गुलाल उधळत, डीजे लावून त्याची मिरवणूक त्याच तुंबलेल्या गटाराशेजारून नाचत गेली. खिडकीतून ते बघता बघता बायको म्हणाली, "चला कल्याणला."

माझ्या मनासारखं झालं, पण आनंद झाला नाही. शेजारणींचा निरोप घेताना ती रडली. असल्या भिकार माणसापायी तिला रडावं लागलं, याची किळस मला अजून येते.