चौथ्या खान्यातला ट्रॅक्टर

सोमवार, ८ डिसेंबर, सकाळी दहा. निमोणे, तालुका शिरूर. हजर — मी, शेजारचे शेतकरी आप्पा, आणि आपापले ट्रॅक्टर घेऊन बाळू, दत्ता, संतोष.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, याद्यांवर आहे. म्हणूनच हे लिहायला जड जातंय.

इथल्या माळावर फुलं-भाजीपाल्यासाठी मालवाहू विमानांचा तळ करायचं चाललंय. दिवसाला किती विमानं हाताळता येतील, हा अंदाज काढायचं काम माझं. हवीत सोळा. विमानं उभी करायला चार खाने, एका खान्यात दिवसाला चार... बसतात. नाही बसली, तर जास्तीचा खाना आप्पांच्या विहिरीवर येतो.

कागदावर भागत नाही, म्हणून फक्कीनं खाने आखले आणि विमानांऐवजी ट्रॅक्टर फिरवले. विमानाचे दोन तास म्हणजे आमची वीस मिनिटं. आल्याची, गेल्याची वेळ मी तक्त्यात लिहीत होते. चौथा ट्रॅक्टर आप्पांचा भाचा भांडगावहून आणणार होता.

"ताई, माजं इमान उभं हाय, हवाईसुंदरी कवा येनार?" बाळू म्हणाला.

"तुजा खटारा बगून ती एस्टीनं गेली," दत्ता म्हणाला.

१०.०५ ला चौथ्या खान्यात लाल ट्रॅक्टर लागला; भाचाच आला, असं सगळ्यांनी धरलं. मी वेळ लिहिली. तो हललाच नाही. बाकीचे वळसा घालून जात राहिले. संतोषनं हटकलंसुद्धा — "भाऊ, काढा की बाजूला."

शेवटी बेरीज बारा.

"म्हंजी हीर गेली," आप्पा म्हणाले, आणि चिडून तिथूनच भाच्याला फोन लावला. स्पीकरवर होता.

"मामा, बॅटरी बसली. अजून घरीच हाय मी."

आम्ही वळून पाहिलं. खाना रिकामा. फक्कीवर चाकाचा ओरखडा नाही... आणि तिन्ही ट्रॅक्टरांच्या चाकोऱ्या मात्र त्या रिकाम्या चौकोनाला वळसा घालून गेलेल्या. मी मधेमधे काढलेल्या फोटोंत तीनच ट्रॅक्टर. चालवणाऱ्याचा चेहरा पाचांपैकी कुणालाच आठवेना.

"परत घेऊ," मी म्हटलं. बाळूनं किल्ली काढून खिशात टाकली.

"त्या खान्यात म्या न्हाई घालनार ताई. कुनी उभं आसलं तर?"

आप्पा हळूच म्हणाले, "रिकामाच व्हता न्हवं? मग गेल्याची येळ लिवा की. तेवढ्यानं माजी हीर वाचंल."

मी पाहिलेलंच लिहिते. आलेला पाहिला, अक्षर माझंच आहे. जाताना पाहिला नाही. याचा उलगडा मला आजही झालेला नाही.

अहवाल शुक्रवारी द्यायचा होता. चौथा खाना, गेल्याची वेळ — भरायची राहिली आहे.