नवरदेवाचा झगा

शिंपी मास्तरांकडची अंडी म्हणजे गल्लीची शान. टणक कवच, गडद केशरी बलक. तव्यावर फोडलं तर पांढरं पाण्यासारखं पसरत नाही. खाणारे खूश. मास्तर मात्र भरदुपारी दारं-खिडक्या लावून एकेक अंडं टॉर्चवर धरत होते आणि अंड्यागणिक त्यांचा चेहरा उतरत होता. आत ना लाल रेघ, ना ठिपका; पिल्लू धरल्याची एकही खूण नाही.

"हेही कोरंच."

खुडूक कोंबडीखाली उबवायला ठेवलेली दुसरी खेप वाया गेली होती. वडिलांनी सांभाळलेली ही झबरी जात, अंगभर दाट पिसांची. मागच्या साथीत खुराडं ओस पडलं. उरल्या तीन कोंबड्या आणि एक कोंबडा. मास्तर गावोगाव हिंडले, पण या जातीचं दुसरं पाखरू कुठे मिळालं नाही. आता पिल्लं निघाली नाहीत, तर कारभार आटोपला.

कोंबड्याला गल्लीनं नाव दिलं होतं नवरदेव. पिसं चकाकावीत म्हणून मास्तर त्याला हातानं शेंगदाणे भरवायचे.

"कोंबड्याच थकल्यात," मास्तर म्हणाले.

"वा! म्हणजे दोष बायकांचा!" मास्तरीणबाई फणकारल्या. "जरा अंगणात खुर्ची टाका अन् बघा लाडक्याचे पराक्रम."

मास्तर बसले. नवरदेव ऐटीत आला, पंख पाडून गिरकी घेतली, कोंबडीवर चढला आणि घसरला. पुन्हा चढला, पुन्हा घसरला. कोंबडी अंग झटकून दाणे टिपायला निघून गेली.

"दोघांच्याही मागे पिसांच्या रजया," बाई म्हणाल्या. "जमणार कसं? त्यात तुम्ही खाऊ घालून फुगवलाय त्याला. शिंपी ना तुम्ही? कापा की झगा."

मास्तरांनी कात्री उचलली आणि परत ठेवली. कात्री जरा खोल गेली, जखम चिघळली, तर? कोंबडा एकच.

बाईंनी नवरदेवाला काखेत उलटा दाबला. डोळे झाकून शेरवानी बेतणारे मास्तर शेपटीखालची पिसं चिमटीत धरून नुसतेच उभे.

"हलू नकोस रे बाबा."

"तो कुठे हलतोय? तुमचा हात हलतोय."

"मास्तर, माप घेतलंत का?" भिंतीपलीकडून कुणी खिदळलं. मास्तर हसले नाहीत. कात्री करकरली. मग कोंबड्यांचीही पाळी आली. शेंगदाणे त्याच दिवशी बंद.

थोड्या दिवसांनी नव्या अंड्यांवर कोंबडी बसवली, आणि आठवड्यानं पुन्हा तीच बंद खोली, तोच टॉर्च. पहिलं अंडं कोरं. दुसरंही. तिसऱ्यात मधोमध काळा ठिपका आणि भोवती कोळ्याच्या पायांसारखे लाल धागे.

"टाके पडले की हो," बाई कुजबुजल्या.

मास्तरांनी ते अंडं दोन्ही हातांनी कोंबडीखाली सरकवलं. "एकानं काय होतंय? अन् त्यातूनही कोंबडाच निघाला तर?"

पुढचं अंडं त्यांनी उचललं खरं, पण टॉर्चचं बटण काही दाबवेना. शेवटी बाईंनीच टॉर्च हातातून काढून घेतला.

"धरा नीट. मी बघते."