एकशे चाळीस वाक्यं आणि शनिवारची साफसफाई

‘क्वारंटाईन रिकामं करायचं का?’ असं कॉम्प्युटरने विचारलं आणि मी ‘हो’ दाबलं. शनिवार होता. फ्रिज पुसून झाला होता, औषधांच्या डब्यातली मुदत संपलेली पाकिटं काढून झाली होती. हे तिसरं काम. पडद्यावर ‘१४० धोके कायमचे काढले’ अशी ओळ आली. मी समाधानाने चहा टाकला.

ईशा, अन्वय, तुम्ही परवा फोनवर विचारलंत की घरच्या कॉम्प्युटरला कोणता अँटिव्हायरस घ्यावा, कारण आजीने म्हणे तक्ता करून निवडला होता. तक्ता केला होता हे खरं आहे. त्याचं पुढे काय झालं तेही वाचा.

मी स्पीच थेरपिस्ट आहे एवढं तुम्हाला माहीत आहे. धुळ्याच्या हॉस्पिटलमधून रिटायर झाल्यावर जळगावला घराच्या पुढच्या खोलीत मी आठवड्यातून तीन दिवस पेशंट बघते. त्यात स्वरयंत्राच्या कॅन्सरचे पेशंट असतात. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागतं. माणूस जगतो, आवाज जातो. आधी थोडे दिवस हातात असले तर आम्ही त्याची रोजच्या वापरातली वाक्यं रेकॉर्ड करून ठेवतो. याला मेसेज बँकिंग म्हणतात. पुढे ती वाक्यं मोबाईलवर चढवायची. बटण दाबलं की त्याच्याच आवाजात ‘चहा दे’ ऐकू येतं. ऑपरेशननंतर हे करता येत नाही, हे वेगळं सांगायला नको.

असेच एक पेशंट नाना. ते धुळ्याच्या बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली, कोणती उशिरा येणार, हे माईकवर सांगणारे. पंचवीस वर्षं लोकांनी त्यांचा आवाज ऐकला, पण तो कोणी जपून ठेवला नव्हता. ऑपरेशनला आठ दिवस होते तेव्हा ते पत्नीला, सुमनताईंना, घेऊन माझ्याकडे आले. आवाज बसला होता, पण होता.

मी रेकॉर्डिंग सुरू केलं आणि माझी छापील यादी पुढे ठेवली. ‘मला पाणी हवे आहे. कृपया पंखा लावा.’ नानांनी दोन वाक्यं वाचली आणि कागद खाली ठेवला.

“बाई, असं कोण बोलस?”

“मग तुम्ही कसं बोलता?”

“पंखा लाव. कृपया कसाले? ही मन्ही बायको शे, डेपो मॅनेजर नही.”

सुमनताई म्हणाल्या, “डेपो मॅनेजरले तरी घाबरत होतात तुम्ही.”

आम्ही यादी पहिल्यापासून अहिराणीत केली. तीन बैठका लागल्या. एकशे चाळीस वाक्यं झाली. खोकला आला, बाहेर हॉर्न वाजला, माझ्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली की ते वाक्य रद्द करून पुन्हा घ्यायचं. नाना कंटाळत, पण पुन्हा म्हणत.

शेवटच्या बैठकीला सगळ्याची एक प्रत त्यांना द्यायची होती. सुमनताईंनी पर्समधून पेनड्राइव्ह काढला. त्यात नानांच्या सेवापूर्तीच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ होता. फोटो स्टुडिओवाल्याने त्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणी टाकली होती, त्यामुळे नानांचं भाषण त्यात दिसतं, ऐकू येत नाही. मी तो पेनड्राइव्ह लावला आणि कॉम्प्युटरवरचे फोल्डर एकेक करून नुसते शॉर्टकट झाले. आत काहीच उघडेना.

मी कॉम्प्युटरचा प्लग काढला. नानांना म्हटलं, “काळजी करू नका. कॉम्प्युटर साफ करून घेते. तुम्ही ऑपरेशन करून या, तोवर प्रत तयार ठेवते.”

इरफानभाई कॉम्प्युटर दुरुस्त करतात. ते त्याच दुपारी आले. फायली जागेवरच होत्या, व्हायरसने त्या फक्त लपवल्या होत्या. तासाभरात सगळं परत दिसायला लागलं. नानांची एकशे चाळीस वाक्यंही.

“मॅडम, याच्यात अँटिव्हायरस काहीच चालू नाही?”

“कॉम्प्युटरबरोबर आला होता तो होता. मागच्या वर्षी एकाने बंद केला. मशीन हळू चालतं म्हणून.”

ते म्हणाले, “तो एक मीच होतो बहुतेक.”

मग मी तक्ता केला. अँटिव्हायरस बाहेरून येणाऱ्या आणि फायली बिघडवणाऱ्या प्रोग्रॅमला पकडतो. अँटिस्पायवेअर वेगळ्या चोराला पकडतो. तो चोर काही बिघडवत नाही, गुपचूप बघतो आणि ऐकतो, आणि ते दुसऱ्याला पाठवतो. माझ्याकडे पेशंटचे आवाज असतात, म्हणून मला दोन्ही हवे होते. मी पाच प्रोग्रॅम निवडले आणि रकाने आखले: किंमत, मशीनवर भार, रोज अपडेट होतो का, स्पायवेअर धरतो का, सारखं विचारून त्रास देतो का. शेवटच्या रकान्यात जो सगळ्यात कमी विचारतो त्याला मी सगळ्यात जास्त गुण दिले.

इरफानभाईंनी तक्ता वाचला आणि पहिल्या आलेल्यावर बोट ठेवलं. “हा जरा कडक आहे मॅडम. धरपकड जास्त करतो.”

“कडकच हवा.”

“संशयाची सेटिंग मधली ठेवू?”

“वरची ठेवा.”

त्याच बैठकीत मी घराचा नियमही केला. पेनड्राइव्ह या कॉम्प्युटरला लावायचा नाही. ईमेलने नानांची प्रत पाठवता आली असती. पण आधी एकदा पूर्ण तपासणी होऊ दे, स्वच्छ झालेलंच बाहेर पाठवू, असं मी ठरवलं.

पूर्ण तपासणी शुक्रवारी दुपारी झाली. शनिवारी मी क्वारंटाईन रिकामं केलं. क्वारंटाईन म्हणजे संशयित फायलींची कोठडी. प्रोग्रॅम त्यांना मारत नाही, वेगळं ठेवतो आणि मालकाची वाट बघतो. यादी बघायला आणखी एक बटण दाबावं लागत होतं. कचरा घरात साठवायचा नाही, तो चिवडत तर मुळीच बसायचं नाही, अशी माझी सवय. मी ते बटण दाबलं नाही. एकशे चाळीस हा आकडा ओळखीचा वाटायला हवा होता. वाटला नाही.

दीड महिन्याने नाना आले. गळ्याभोवती पांढरं फडकं होतं, हातात वही. वजन बरंच उतरलं होतं. सुमनताईंनी नवा मोबाईल टेबलावर ठेवला. “मोठ्या पडद्याचा घेतला बाई. यांना बटणं दिसाले पायजेत.”

मी नानांचा फोल्डर उघडला. रिकामा होता.

मी वरचा फोल्डर बघितला, खालचा बघितला. मग अँटिव्हायरसची जुनी नोंद उघडली. प्रत्येक ओळीत माझ्याच हाताने दिलेलं नाव होतं. नाना एक, नाना दोन, नाना तीन. माझं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर धुळ्याच्या हॉस्पिटलच्या काळातलं. त्यात प्रत्येक वाक्याची अशी फाईल बनते जी स्वतःच वाजते, घरच्यांना दुसरं काही लागत नाही. आवाज आणि तो वाजवणारा छोटा प्रोग्रॅम एकाच डब्यात. व्हायरसही असाच दिसतो, एक छोटा प्रोग्रॅम आणि पोटात काहीतरी बांधलेलं. कडक पहारेकऱ्याने तोंडावळा बघून धरलं. जुन्या पेशंटच्या सीडी कपाटात असल्याने त्या वाचल्या.

दोघं माझ्याकडे बघत होते. मी खुर्ची फिरवली आणि काय झालं ते सांगितलं. माझ्या हातून झालं, असं सांगितलं.

नानांनी वही ओढली आणि एक शब्द लिहून माझ्याकडे फिरवली. ‘रद्द?’

मी ‘हो’ म्हणून मान हलवली.

सुमनताईंनी विचारलं, “एक बी नही ऱ्हायनं का?”

इरफानभाई दोन दिवस मशीन घेऊन बसले. पुसलेल्यातलं काहीच आलं नाही. नव्या पद्धतीच्या डिस्कवर पुसलेलं सहसा परत येत नाही, म्हणाले. मात्र रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरने आम्ही रद्द केलेली काही वाक्यं एका कोपऱ्यात कच्च्या स्वरूपात ठेवली होती. तिथे प्रोग्रॅम बांधलेला नव्हता, म्हणून पहारेकऱ्याने त्यांना हात लावला नाही. मला ती आहेत हे माहीतच नव्हतं. माहीत असती तर शनिवारी तीही गेली असती.

सात निघाली. चारात फक्त खोकला होता. एकात ‘असं कोण बोलस?’ एकात ‘बाई, पानी द्या.’ आणि एकात ‘सुमन, तू आते’, एवढंच. पुढे कुकरची शिट्टी. माझ्या यादीप्रमाणे ते अठ्ठ्याऐंशी नंबरचं वाक्य, ‘सुमन, तू आते झोपी जाय’, म्हणजे तू आता झोप.

मी तिन्ही मोबाईलवर चढवली. गळ्याला लावून बोलायचं इलेक्ट्रिक यंत्रही नानांना शिकवलं. त्यातून सगळ्यांचा आवाज एकसारखाच येतो. नानांनी ते दोनदा लावलं आणि डब्यात परत ठेवलं.

गेल्या महिन्यात सुमनताईंचा फोन आला. नाना कसे आहेत, विचारलं. त्या म्हणाल्या, बरे आहेत, जेवण कमी आहे. मग म्हणाल्या, “ते एकच बटण दाबतात बाई. सुमन, तू आते. चहा पाहिजे असला तरी तेच, पंखा पाहिजे असला तरी तेच. पुढचं मी ओळखते.” मागे नानांनी दाबलेलं मला ऐकू आलं, शिट्टीसकट. माझाच कुकर.

अँटिव्हायरस तुम्ही कोणताही घ्या, बहुतेक ठीक असतात. एकावेळी एकच ठेवा आणि तो वेळच्या वेळी अपडेट करा. माझ्या तक्त्यात आता एक रकाना वाढवला आहे, आणि तो पहिला आहे: याची दुसरी प्रत कुठे आहे? तो भरल्याशिवाय मी पुढे जात नाही. शनिवारी अजूनही साफसफाई करते. आधी यादी उघडते आणि एकेक नाव वाचते. वेळ लागतो.