वरमाय नावाचा वेल

वर्मेंटिनो हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला ते एखाद्या आजाराचं नाव वाटलं. आणीबाणीच्या आधीचा हिवाळा होता. बोटीवर इंजिनाच्या कामाला असलेला माझा थोरला भाऊ तीन वर्षांनी शहापूरला घरी आला होता. त्याला भेटायला मीही तुमसरहून, सासरहून आले होते. आम्ही सेंटच्या बाटलीची वाट पाहत बसलो आणि त्याने पेटीतून काय काढावं, तर ओल्या गोणपाटात गुंडाळलेली एक वाळकी काडी.

"इटलीकडच्या अंगुराची आहे," तो म्हणाला. "वर्मेंटिनो म्हणतात."

"वरमाय?" आईने विचारलं.

भाऊ हसला आणि त्याने तिला दुरुस्त केलं नाही. तेव्हापासून घरात त्या वेलाचं नाव वरमाय.

बाबांनी एवढंच विचारलं, "खाचे का प्याचे?" भाऊ म्हणाला, दोन्ही. बाबा उठून धानाच्या बांधीकडे निघून गेले. मग भावाने मला समजावलं की हे पांढरं द्राक्ष, समुद्राकाठी होतं, त्याची तिकडे वाईन करतात आणि मासळीबरोबर पितात. चव आंबटसर, तरतरीत, किंचित खारट, आणि मागाहून कडू बदामासारखी. मी ऐकत गेले तसतशी जास्तच गोंधळत गेले. आंबट, खारट, कडू. मग यात द्राक्ष कुठे होतं?

आईला चवीशी काही घेणं नव्हतं. तिने थेट लग्नाचं विचारलं. तो काडी मातीत खोचत म्हणाला, "याले फळ आलं का मी येतो, माय. मग तू म्हणशील तिथं बोहल्यावर उभा राहतो."

तो थट्टेत बोलला की मनापासून, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. आईने मात्र शब्द धरला. आदल्याच वर्षी माझ्या लग्नात तिने माझ्या सासूचे पाय धुतले होते, तिला लुगडं दिलं होतं, तिच्यापुढे पायघड्या घातल्या होत्या. आता तिला स्वतःला पाटावर बसून पाय पुढे करायचे होते. मुलगा एकच आणि हौसही एवढीच. त्या दिवसापासून रोज सकाळी चहाच्या आधी काडीच्या बुडाशी एक लोटा पाणी.

वेल वाढला, मांडवभर पसरला, पण फळाचं नाव नाही. भावाची पत्रं यायची, त्यात दरवेळी एकच: दिवाळीच्या सुमाराला छाटा, आखूड छाटा. आई ऐकेना. "वरमायले कोणी कापते का?" म्हणायची. मी भाऊबीजेला माहेरी येऊन तिच्याशी भांडायचे आणि चिडून परत जायचे. इतकी शहाणी बाई एका शब्दाला अशी भुलली म्हणून माझा जीव तिळतिळ तुटायचा.

आठव्या दिवाळीला ती बाजाराला गेलेली पाहून मी विळा घेतला आणि सगळा वेल छाटून टाकला. आल्यावर तिने बोडका मांडव पाहिला. छाटलेल्या फांद्या एकेक वेचून तिने मोळी बांधली.

होळीच्या पुढेमागे घड भरले आणि मी माहेरी राहायला आले. मी भावाला लगेच कळवलं. घड हिरवे होते आणि हिरवेच राहिले. आई म्हणाली, पांढरे होऊ दे. ते पांढरे होण्याची आम्ही दोघींनी पंधरा दिवस वाट पाहिली आणि तेवढ्यात निम्मे बुलबुलांनी संपवले. मी एक दाणा तोंडात टाकला. आंबट. मग खरंच जीभ कडू झाली. खारट काही लागलं नाही. तो दाणा कच्चा होता, पिकलेला होता की उतरलेला, मला आजतागायत माहीत नाही.

मोहफुलं वेचायचे दिवस होते. आईने उरलेली द्राक्षं मोहफुलांच्या शेजारीच चटईवर वाळत घातली. "तो येईवरी टिकाले पाहिजे," म्हणाली. शेजारणी तोंडाला पदर लावून हसल्या. त्यांना वाटलं, म्हातारी आता अंगुराची गाळणार.

भाऊ आला नाही. पाकीट आलं. त्यात फोटो होता: द्राक्षांच्या मांडवाखाली तो आणि एक गोरी, हसरी बाई. पत्र मी आईला वाचून दाखवलं. लग्न होऊन नऊ वर्षं झाली होती. वर्मेंटिनोची काडी तिच्या वडिलांच्या बागेतली. गोणपाट तिनेच ओलं करून बांधलं होतं. घरी सांगायला म्हणूनच तो तेव्हा आला होता, तोंड उघडेना, म्हणून काडी लावून गेला.

मला भयंकर राग आला. धड माणसासारखं बोलता येत नव्हतं? आई रडेल म्हणून मी तयारीत होते. तिने फोटो उलटसुलट करून पाहिला.

"म्हणजे हा वेल सुनेच्या घरचा."

"हो."

ती उठली, लोटा भरला आणि नेहमीसारखं वेलाच्या बुडाशी पाणी घातलं. मग तिथेच उकिडवी बसली.

"वरमाय मी," ती म्हणाली, "अन् आठ वर्षं पाय मीच धुऊन राहिली."