वाऱ्याने विझणारा बॉयलर

वेलिंग्टनमधल्या जॉन्सनव्हिलचं घर आम्ही बॉयलर बघून घेतलं. लोक व्ह्यू बघतात, शाळा बघतात. मी बॉयलर बघितला, कारण बाबा येणार होते.

आई गेल्यापासून बाबा पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहत होते. फोनवर रोज 'मी मजेत' म्हणायचे, आणि माणूस रोजच मजेत असायला लागला की काय समजायचं ते समजावं. आमचं आधीचं भाड्याचं घर असं होतं की बाहेरून आल्यावर जाकीट काढायची सोय नाही. तिथे त्यांना बोलवायची माझी हिंमत होत नव्हती. या घरात मात्र गराजच्या कोपऱ्यात गॅसचा बॉयलर होता. तो पाणी तापवायचा आणि ते पाणी खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून फिरायचं. नवरा म्हणाला, "जुना आहे गं." मी म्हटलं, "तूही जुना आहेस, चालतंय ना?" झालं, घर घेतलं.

बाबा जुलैत आले, म्हणजे इथल्या ऐन थंडीत. गाडीत बसल्या बसल्याच त्यांनी सांगून टाकलं, "थंडी सोसली तर राहीन. नाही सोसली तर तिकीट बदलून मी आपला परत. माझ्या आजारपणाचा तुम्हांला ताप नको." मला ते राहायला हवे होते. अगदी हट्टाने हवे होते. सकाळी उठल्यावर कुणीतरी मोठ्याने पेपर वाचून दाखवतंय, हे मला पुन्हा एकदा हवं होतं.

पहिल्या रात्री घर छान उबदार होतं. सकाळी उठते तर फरशी बर्फ आणि रेडिएटर गारढोण. बाबा स्वेटरवर शाल आणि शालीवर माझा गुलाबी गाऊन घालून खुर्चीत बसले होते. "झोप मस्त लागली," म्हणाले आणि शिंकले.

नवरा गराजमध्ये गेला. अशा जुन्या बॉयलरच्या पोटात एक लहान ज्योत कायम जळत असते, तिच्यावर मोठा बर्नर पेटतो. ती ज्योतच विझली होती. त्याने एक बटण दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने ठिणगीचं बटण खटखट दाबत बसला. बऱ्याच खटखटीनंतर ज्योत लागली, पण तोवर गराजभर गॅसचा वास. बाबा दारात उभे राहून नाक वर करून म्हणाले, "गॅस सुटलाय." मग सगळ्या खिडक्या उघडल्या, आणि होती नव्हती ती ऊबही रस्त्यावर गेली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. शेजारीण म्हणाली, वाऱ्याने विझत असेल, धुराड्यातून वारं आत जात असेल. वेलिंग्टनमध्ये कशाचंही खापर वाऱ्यावर फोडता येतं, आणि वारं काही उलटून बोलत नाही. नवऱ्याने लगेच फोनवर वाऱ्याचं ॲप घेतलं आणि जेवताना आम्हांला वेग वाचून दाखवायला लागला. मग एका सकाळी बाहेर झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं, आणि बॉयलर विझलेलाच.

वासाने बाबा फार बेचैन झाले होते. दिवसातून दहा वेळा गराजमध्ये जाऊन हुंगून यायचे. त्या दिवशी दुपारी मी घरी आले तर ते पुण्याला काकाशी फोनवर बोलत होते, "पुढच्या आठवड्यातलं तिकीट मिळतंय का बघ. इथे माझ्याच्याने थंडी निभत नाही." मी तिथूनच गॅसफिटरला फोन लावला. तो म्हणाला, "मी येईपर्यंत पेटवू नका, मीटरपाशी गॅस बंद करून ठेवा."

भर हिवाळ्यात हाफ पँट घातलेला तो आडदांड माणूस आला. बूट दाराबाहेर काढले, बाबांना 'किया ओरा', म्हणजे इथला नमस्कार, म्हणाला आणि त्यांच्या मनात एकदम भरला. त्याने मीटर चालू केला, यंत्राने वास तपासला, सांध्यांना साबणाचा फेस लावला. बाबा खूश होऊन मला म्हणाले, "हे आपल्यासारखंच आहे की." एकही बुडबुडा आला नाही. ज्योत ठीक होती, धुराडंही ठीक होतं. "वाऱ्याचा यात काही हात नाही," तो म्हणाला आणि डोकं खाजवत राहिला. मग काहीतरी बघण्यासाठी त्याने बॉयलरखालच्या पाइपचा पिवळा दांडा फिरवून आडवा केला.

बाबांचा चेहरा उजळला. "व्हेरी गुड," ते त्याला म्हणाले. "एव्हरी नाइट आय ॲम ऑल्सो क्लोजिंग."

नवरा दांड्याकडे बघायला लागला, मग बाबांकडे.

"बाबा, म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे काय? रात्री गॅस बंद करून झोपायचं नाही? तुम्ही दोघं उघडाच टाकून जाता. म्हटलं, पोरं दमून येतात, विसरत असतील. मी बंद करतो आणि उठलो की पुन्हा उघडून ठेवतो."

नवरा खाली बसला. "काखेत कळसा," तो एवढंच म्हणाला. रात्री दांडा आडवा झाला की ज्योत मरत होती, आणि सकाळी ती पेटेपर्यंत तो बटण दाबून धरायचा, तेव्हा निसटणाऱ्या गॅसचा वास सुटत होता. वास आला की बाबा रात्री आणखी घट्ट बंद करत होते. माझं डोकं असं तापलं की घरात तेवढीच एक गरम गोष्ट असावी. आणि मग मला हसू फुटलं ते आवरेचना. नवराही हसायला लागला, गॅसफिटरला काही कळलं नव्हतं तरी तोही हसला.

बाबा हसले नाहीत. "तुझी आई ओटा पुसायची आणि मी रेग्युलेटर बंद करायचो," ते म्हणाले. "मग आम्ही झोपायचो. घरात रात्रीचं माझं तेवढंच काम होतं." मग म्हणाले, "म्हणजे पोरांना गारठवलं ते मीच. जातो मी, तेच बरं."

माझं हसू तिथेच विरलं. मी गॅसफिटरला विचारलं, "स्वयंपाकाच्या शेगडीला वेगळा नळ असतो का हो?" तो आत आला. मी ओट्याखालचे कुकर, कढया, डबे सगळं बाहेर ओढलं. मागे भिंतीपाशी तसाच एक पिवळा दांडा होता, आमच्या कुणाच्या नजरेला कधी न पडलेला. "हा रोज रात्री बंद केला तर चालेल?" "स्वीट ॲज," तो म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत 'खुशाल'.

"बाबा," मी म्हटलं, "बॉयलरला हात लावायचा नाही. हा मात्र तुमचा. मला खरंच आठवत नाही हो रात्री."

ते वाकले, दांडा आडवा केला, उभा केला, पुन्हा आडवा केला. "जरा घट्ट आहे," म्हणाले. "तेल लागेल."

त्या रात्री मी ओटा पुसला आणि बाजूला झाले. बाबांनी वाकून दांडा फिरवला, हात पुसले आणि झोपायला गेले. सकाळी घर असं उबदार होतं की ते नुसत्या सदऱ्यावर पेपर वाचत बसले होते, मोठ्याने. मी चहा ठेवला. तेवढ्यात काकाचा फोन आला, पुढच्या आठवड्यातलं तिकीट मिळतंय म्हणून.

"नको रे," बाबा म्हणाले. "आता इतक्यात निघता नाही यायचं. इथला गॅस माझ्याकडे असतो."