ठिपका हिरवाच होता

बिबट्याचं ॲप मी रागाच्या भरात केलं. आमच्या वस्तीच्या मोबाईल ग्रुपवर कुणीतरी सकाळी टाकलं होतं, 'पाटाच्या कडंला वाघ बसलाय.' आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. त्या ओळीवर लगेच चौदा जणांनी गुलाबाची फुलं, सुप्रभात आणि कुणाच्या तरी चिरंजीवांचा वाढदिवस असं सगळं ओतलं. मी ती ओळ वाचली तेव्हा नऊ वाजले होते, आणि तोवर त्याच पाटावरून मी दोनदा जाऊन आले होते. डोकंच फिरलं. म्हटलं, जळलं मेलं ते सुप्रभात, आता मीच काहीतरी करते.

माझं माहेर राहूचं, दौंड तालुक्यातलं. पारगावचा पूल ओलांडून पुढं आलं की शिरूर तालुक्यात माझं सासर. नवरा रांजणगावला कंपनीत शिफ्टवर, घरी सासूबाई आणि मी. सासूबाईंना मी आत्या म्हणते. मी पुण्यातल्या एका कंपनीसाठी घरबसल्या मोबाईल ॲप बनवते. यवतला कॉम्प्युटरचा क्लास लावला होता, तिथून पुढं आपली आपणच शिकत गेले. घराच्या तिन्ही अंगाला ऊस आणि चौथ्या अंगाला आत्यांची शेवंती. त्या उसात काय आहे आणि काय नाही, हे ऊस तुटेपर्यंत कुणाच्या बापाला कळत नाही.

ॲप अगदी साधं होतं. एकवीस वस्त्या, एकवीस ठिपके. बिबट्या दिसला की आपल्या वस्तीचा ठिपका दाबायचा, तो सगळ्यांच्या फोनवर लाल होणार. चार तासांत पुन्हा कुणी दाबलं नाही, तर परत हिरवा. माहिती साठवायला आणि फोनोफोनी पोचवायला मी एका परदेशी कंपनीची फुकटातली सोय वापरली. तिची एकच अट होती, दिवसाला पन्नास हजार वेळाच माहिती मागायची. एक ठिपका मागवला की एक वेळ धरली. पन्नास हजार म्हणजे डोंबल संपतंय आमच्या वस्त्यांना, असं मला वाटलं होतं. कार्ड जोडलं की ती अट उठते, तेही माहीत होतं. जोडू, जोडू म्हणत राहिले.

ॲप भलतंच चाललं. इतकं, की लोकांनी हाळी द्यायची सोडली. आधी काय होतं, तांबडं फुटायला शेतात शिरायच्या आधी बांधावर उभं राहून 'होऽऽ' करून हाळी द्यायची. शेजारच्या वस्तीवरून उलट हाळी आली की मगच पाय पुढं टाकायचा. कुणी काही पाहिलं असेल तर तिकडून शब्द यायचा, 'थांबाऽऽ.' आता सगळे फोन बघायला लागले. हिरवं दिसलं की निघाले. आत्यासुद्धा. मला तेव्हा, खरं सांगते, फार बरं वाटलं होतं. वस्तीवरची मोठी माणसं 'सूनबाईनं काम चोख केलं' म्हणायची आणि मी आपली फुगायची.

मार्गशीर्ष होता. बुधवारी फुलांना तोड असते, कारण गुरुवारची पूजा. टेम्पो साडेसातला येतो, म्हणून आत्या सव्वासहालाच पाटी घेऊन निघाल्या. फोन बघितला, मला दाखवला. आमचा ठिपका हिरवा. मी म्हटलं, "जा, मी चहा टाकते."

चहाला उकळी यायच्या आत फोन वाजला. शेजारच्या वस्तीवरचे मामा. धाप लागलेली. "आगं, मी गच्चीवरनं बघतुय. वाघ तुमच्या शेवंतीच्या बांधावर हाय. मी लाल दाबून पाच मिंटं झाली, तुझी सासू अजून वाकूनच हाय!"

मी गॅस बंद केला की नाही, मला आजही आठवत नाही. ताट आणि उलथनं घेऊन बडवत पळाले. ओरडत होते की नुसतंच तोंड उघडं होतं, तेही माहीत नाही. आत्या ओळीत वाकल्या होत्या, पाठमोऱ्या. त्यांच्यापासून वीसेक पावलांवर बांधावर तो. उभा. मला बघून त्यानं मान वळवली, घाई न करता खाली उतरला आणि उसात शिरला. उसाचे शेंडे थोडे हलले. बस्स, एवढंच. आत्यांनी ताटाचा आवाज ऐकून वळून बघितलं, आणि माझं तोंड बघून त्यांनाच भ्यायला झालं.

"काय गं, काय झालं?"

मी नुसता बांध दाखवला. त्यांनी बांधाकडं बघितलं, मग मातीवर ठेवलेला फोन उचलून माझ्यापुढं धरला.

"हिरवं हाय की," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि मी आत जावं. दुसऱ्या कुणाचं ॲप असतं तर मी त्याला उभं आडवं घेतलं असतं. घरी येऊन लॅपटॉप उघडला, पासवर्ड तीनदा चुकला. मामांनी दाबलेलं लाल पोचलं होतं, वेळेवर पोचलं होतं. पण ते आमच्या फोनांपर्यंत आणायची त्या दिवसाची मोजणी संपली होती. आणि माहिती मिळाली नाही की काय करायचं, हे मी लिहिलेलंच नव्हतं. म्हणून ॲप गपगुमान काल संध्याकाळचा रंग दाखवत बसलं. शहाणं माणूस निदान 'मला माहीत नाही' म्हणतं. माझ्या ॲपला तेवढंही मी शिकवलं नव्हतं.

मग दुसरं कळलं. त्या कंपनीचा दिवस तिकडच्या मध्यरात्री सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे थंडीत दुपारी दीडला. दुपारी दीडला भरलेली घागर दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत रिकामी झाली होती. नेमकी ज्या घटकेला आमची माणसं शेतात उतरतात, त्या घटकेला. आठवडाभर हे असंच चाललेलं होतं, थोडं थोडं. तोवर त्या वेळी बिबट्या फिरकला नाही, एवढंच आमचं नशीब.

पण एकवीस वस्त्या पन्नास हजार संपवतातच कशा? मी नोंदी काढल्या. नावनोंदणीला गाव विचारलेलं होतं, म्हणून ते दिसत होतं. बघते तर निम्म्याहून जास्त फोन आमच्या तालुक्याचे नव्हतेच. राहू, यवत, कासुर्डी, पार नदीपलीकडची गावं. त्यांना आमच्या ठिपक्यांशी काय घेणंदेणं? मग एकेक आडनाव वाचत गेले आणि कपाळावर हात मारला. ही सगळी माहेरं होती. ज्यांच्या ज्यांच्या लेकी आमच्या वस्त्यांवर दिल्यात, त्या आईबापांनी, भावांनी, चुलत्यांनी ॲप घेऊन ठेवलं होतं. लेकीच्या वस्तीचा ठिपका हिरवा आहे ना, हे दिवसभर बघत होते. स्क्रीन खाली ओढली की ॲप एकवीसच्या एकवीस ठिपके नव्यानं मागवायचं, तीही माझीच अक्कल.

सगळ्यात वर एक फोन होता. काल दुपारपासून सहाशे चाळीस वेळा ओढलेला. गाव राहू. तो फोन मीच दिवाळीला घेऊन दिला होता, माझ्या वडिलांना.

मी लगेच फोन लावला. थांबायला हवं होतं, पण माझा स्वभाव असा, तोंडात आलं की बाहेर. "आप्पा, तुम्हाला काही कामधंदा आहे की नाही? सहाशे वेळा तेच तेच काय ओढत बसता? तुमच्यामुळं आज आत्या गेल्या असत्या!"

आप्पा म्हणाले, "आगं, ते वढल्याबिगर कळत न्हाई ना."

"आपोआप बदलतं ते! किती वेळा सांगितलं तुम्हाला!"

"व्हय, सांगितलंस. पर आपोआपचं काय खरं असतं बाई? तू तिकडं वाघात, आन् मी हितं ओट्यावर बसून काय करू?"

मी फोन ठेवला. आपटलाच म्हणा.

त्या दिवशी मी नोकरीच्या कामाला हात लावला नाही. आधी कार्ड जोडलं. मग सगळं उसवून पुन्हा शिवलं. जो ठिपका बदलला, तेवढाच आता फोनवर जातो. कुणी मिनिटभरात दहादा ओढलं तरी एकदाच विचारलं जातं. आणि माहिती जुनी झाली किंवा आलीच नाही, तर ठिपका राखाडी होतो. खाली ठळक लिहिलंय, 'आम्हाला माहीत नाही. हाळी द्या.' संध्याकाळी वस्तीवर घरोघर जाऊन चूक कबूल केली. आत्या माझ्यासोबत आल्या होत्या. कुणी काही बोलायला लागलं की त्याच मध्ये पडायच्या, "मी जित्ती हाय, आता सोडा."

घरी आल्यावर आप्पांना फोन केला. म्हटलं, दुरुस्त झालंय, आता हजार वेळा ओढा, काही बिघडत नाही. "बरं," म्हणाले. माझ्या मनावरचं ओझं उतरलं.

पण दुसऱ्या दिवशी नोंदीत त्यांचा आकडा शून्य. तिसऱ्या दिवशीही. मी म्हटलं, रुसलेत. रविवारी राहूला गेले. ओट्यावर बसले होते, फोन शेजारी पालथा. मी उचलून बघितला, ॲप नव्हतंच त्यात.

"काढून टाकलं," ते म्हणाले. "शेजारच्या पोरीकडनं काढून घेतलं."

"अहो, पण आता चालतं, आप्पा. घालून देऊ का परत?"

"नको." त्यांनी माझ्या हातातला फोन घेऊन परत पालथा ठेवला. "मी बघत बसलो, आन् त्या माउलीला दिसायचं ऱ्हायलं. नको बाई. माझा हात ऐकत न्हाई."

मी समजावलं, तांत्रिक भाषेत समजावलं, सोप्या भाषेत समजावलं, शेवटी रडले. ते उलट मलाच म्हणाले, "तुझं काय चुकलं? तू खरंच बोललीस." त्यांनी रागावायला हवं होतं. मग मला भांडता तरी आलं असतं.

परत आल्यावर मी त्यांच्या फोनच्या जुन्या नोंदी उघडल्या. पहिलं ओढणं रोज पाच दहाला. साडेअकराला थोडी फट, म्हणजे जेवण. दीड ते अडीच काहीच नाही, म्हणजे डोळा लागला. चारनंतर मिनिटाला दोन-दोनदा, कारण तेव्हा मी उसाच्या कडेनं दूध घालायला जाते, हे त्यांना माहीत होतं. शेवटचं रात्री नऊला. आई गेल्यापासून ते घरात एकटे आहेत. ते उठले, जेवले, झोपले, धडधाकट आहेत, हे सगळं इतके दिवस माझ्या लॅपटॉपवर येत होतं, आणि मी त्याला जादा वापर म्हणून ओरडले.

आता तिथं काहीच येत नाही. म्हणून पाच दहा झाले की मी फोन लावते. ते उचलतात, म्हणतात, "काय गं, एवढ्या सकाळी?" मी म्हणते, "काही नाही, सहज." पण एखाद्या दिवशी ते गोठ्यात असतात, फोन घरात वाजत राहतो, आणि चौथी रिंग गेली की मी गाडीची किल्ली शोधायला लागते.